पोकळ वाजणारी जागा

मिस्त्रीची गोष्ट सांगायची तर फरशीपासून सुरुवात करावी लागते, कारण जन्मभर तो माणसांपेक्षा फरशीशीच जास्त बोलला. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. एक फरशी बसली की हातोड्याच्या लाकडी दांड्याने तो तिच्या चारी कोपऱ्यांवर आणि मधोमध ठोकून बघायचा. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज ठस्स यायचा. कुठे पोकळी राहिली असेल तर डबडब वाजायचं. मग घरमालक शेजारी उभा राहून ‘अहो राहू द्या, चालतंय की’ म्हणत असला तरी मिस्त्री ऐकायचा नाही. फरशी उचलायची, खाली माल भरायचा, पुन्हा बसवायची. आणि हे सगळ्या फरश्यांचं, एकूण एक. दर पाचवी फरशी ठोकून पुढे जाणाऱ्यांना तो मिस्त्री म्हणायलाच तयार नव्हता.

त्याची दुसरी ओळख म्हणजे उजव्या कानामागची पेन्सिल. चपटी, जाड शिशाची. मापं लिहायची ती भिंतीवर, कारण भिंतीला अजून गिलावा व्हायचा असतो आणि कागद हरवतो. प्लंबरला निरोप, वायरमनला निरोप, सगळं भिंतीवर. झोपताना हा चष्मा आठवणीने काढतो आणि पेन्सिल विसरतो, अशी बायकोची तक्रार होती, आणि उशीच्या अभ्र्यांवरच्या काळ्या रेघा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरावा म्हणून दाखवायची. हसत दाखवायची हो. तेव्हा घरात हसणं होतं.

आणि नेमका तोच उजवा कान फितूर झाला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दाढी करताना मिस्त्रीने आरशात डावीकडे पाहिलं आणि डोक्यात खर्रर्र झालं. उजवीकडे पाहिलं, पुन्हा खर्रर्र. त्याने मान तशीच ठेवून नुसते डोळे फिरवून बघितले. पॉलिश पेपर सिमेंटवर घासावा तसा आवाज, आणि तो त्याच्या स्वतःच्या बुबुळांचा होता. आता तुम्हीच सांगा, हे सांगायचं कुणाला? ‘माझे डोळे वाजतात’ असं कुणी आपल्याला येऊन म्हणालं तर आपण त्याला पाणी देऊ आणि हळूच त्याच्या घरी फोन करू.

त्यात मिस्त्रीचा मामा. त्या मामाला आवाज ऐकू यायचे आणि शेवटची अकरा वर्षं त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं. लहानपणी मिस्त्री त्याच्या खोलीत जेवणाचं ताट सरकवून पळून यायचा. लग्न ठरताना बायकोच्या माहेरच्यांनी या मामाची दोनदा चौकशी केली होती, हे तो विसरला नव्हता. त्याने कानाला खडा लावला: जीव गेला तरी हे कुणाला सांगायचं नाही.

पण दुखणं थोडंच सांगण्यासाठी थांबतं! हळूहळू सगळंच वाजायला लागलं. घास चावला की डोक्यात खडी दळल्यासारखं व्हायचं. समोरचा काय म्हणतोय ते त्यात बुडून जायचं. चालताना टाच टेकली की कवटीत दणका. नाडी तर अखंड. आणि स्वतःचं बोलणं? पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून बोलावं तसं ते घुमायचं, इतकं की वाक्य संपेपर्यंत त्यालाच नको व्हायचं. म्हणून तो वाक्यं तोडायला लागला. मग शब्दांवर आला, मग मानेवर. हो असेल तर एकदा हलवायची, नाही असेल तर दोनदा.

आता हेच बायकोच्या बाजूने बघा. नवरा ताट उचलतो आणि खिडकीकडे तोंड करून एकटा जेवतो. आपण समोर बसून काही विचारलं की डोळे मिटून घेतो. काय झालं म्हणावं तर ‘चक्कर येते’ एवढे दोन शब्द. तिने बरंच सहन केलं, मग एक दिवस हट्टाने त्याला डॉक्टरकडे पाठवलं. तिथे, बंद दाराआड, मिस्त्रीने जन्मात पहिल्यांदा डोळ्यांच्या आवाजाचं सांगितलं. डॉक्टर वाईट नव्हते. हसले मात्र. अगदी जरासे, पण हसले. मग डोक्याचा स्कॅन काढायला लावला आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

स्कॅनवर एकच शब्द होता: नॉर्मल.

त्या शब्दाने घर मोडलं. बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्हाला माझा कंटाळा आला आहे, एवढंच.” मिस्त्रीने मान दोनदा हलवली. पण ती तोवर वळली होती. सहा महिन्यांनी मुलीला बाळ झालं, बायको महिनाभर म्हणून तिच्याकडे गेली आणि राहिली ती राहिलीच. भांडण नाही, तंटा नाही. लोकांना सांगायला बाळ होतं.

मग दीड वर्ष मिस्त्री एकटा. दोन खोल्या, त्याच्याच हातची फरशी, कुठेही पोकळ न वाजणारी. संध्याकाळी तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि आपल्या नाडीचे ठोके ऐकायचा. शेजारचे म्हणत, किती शांत माणूस आहे. शांत कसला! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रविवारी मुलीचा फोन यायचा. ‘बरे आहात ना बाबा?’ ‘हं.’ ‘जेवता ना?’ ‘हं.’ मग ती म्हणायची, आईला देऊ का? आणि मागून बायकोचा आवाज यायचा की आत्ता माझे हात ओले आहेत. प्रत्येक रविवारी तिचे हात ओले असायचे.

कामही सुटत चाललं होतं. एव्हाना फरशीवर ठोकलं की खोली कलायची. म्हणजे खोली जागेवरच असायची, पण मिस्त्रीला ती उजवीकडून वर उचललेली दिसायची. मोठी कामं त्याने सोडली, लहानसहान घेतली. आणि त्यातल्याच एका कामात त्याने ती चूक केली.

एका बाईंचं बाथरूम होतं. बाथरूमला ढाळ द्यायचा तो जाळीकडे, हे कालच्या पोरालाही कळतं. मिस्त्रीने पातळी बघायची लेव्हल लावली, बाटलीतला बुडबुडा बघितला, मग फरशी ठोकली. ठोकताच जमीन कलली. कललेली दिसली म्हणून त्याने सावरली, पुन्हा ठोकली, पुन्हा सावरली. तीस वर्षं हाताने खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून बुडबुड्यापेक्षा त्याने हातावर विश्वास ठेवला. आठवड्याने बाईंचा फोन आला, की पाणी दाराबाहेर येतंय. मिस्त्री जाऊन बघतो तर सगळं पाणी जाळीकडे पाठ फिरवून उंबऱ्याकडे निघालेलं. शरमेने तो अर्धा झाला. मुकाट्याने फरश्या उखडल्या आणि नव्याने बसवायला लागला.

बाई दारात उभ्या होत्या. आता योग म्हणा की काय म्हणा, त्या कानाच्या दवाखान्यात कान तपासायचं काम करत. मिस्त्रीने फरशी ठोकली आणि भिंत धरली, तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या हातांकडे नव्हतं, डोळ्यांकडे होतं. त्यांनी पुन्हा ठोकायला सांगितलं. मग म्हणाल्या, तुम्ही ठोकता तेव्हा तुमची बुबुळं उडतात. आवाजाने चक्कर येते का तुम्हाला?

मिस्त्री बघतच राहिला. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीच्या गिलाव्यावर लिहिलं, ‘ठोकलं की जमीन हलते.’ थोडं थांबून त्याखाली लिहिलं, ‘डोळे वाजतात.’

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, उद्या सकाळी दहाला या, मी नाव लिहून ठेवते.

दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांनी खूप वेळ घेतला. शेवटी त्यांनी ट्यूनिंग फोर्क म्हणतात ते लोखंडी दुबेळकं काढलं, मनगटावर आपटलं, आणि मिस्त्रीला वाटलं आता ते कानाशी धरतील. त्यांनी ते पायाच्या घोट्याच्या हाडाला टेकवलं. काय सांगायचं! घोट्यावरची ती गुणगुण थेट उजव्या कानात वाजली. डॉक्टरांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन करायला सांगितलं. स्कॅन आपला एकदा झालेला आहे, असं मिस्त्रीने जुनं पाकीट पुढे करून खुणेनेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तो डोक्याचा होता. हा वेगळा.

स्कॅनच्या खोलीत थंडी होती. टेक्निशियनने घड्याळ, चष्मा, किल्ल्या काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितल्या, मग मिस्त्रीकडे बघून म्हणाला, काका, पेन्सिलपण. मिस्त्रीला ती कानामागे आहे हेच आठवत नव्हतं. मग फळीवर आडवं व्हायचं, डोकं खोबणीत, कपाळावर पट्टा. भिंतीतल्या स्पीकरमधून आवाज आला: हलू नका, गिळू नका, श्वास रोखा. मिस्त्रीने श्वास रोखला आणि डोळेही मिटून स्थिर धरले. मशीन गरगरलं, फळी बोटभर बोटभर सरकली, आणि तेवढ्यात आटोपलंदेखील. तीन वर्षांचं दुखणं, आणि ते बघायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

चित्रं तयार व्हायला मात्र वेळ गेला. मग स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. अंधारी खोली, दोन पडदे. पडद्यावर करडं-पांढरं काहीतरी, आणि त्यात एक छोटी बांगडी. ही तोल सांभाळणारी नळी, त्या म्हणाल्या. प्रत्येक कानात अशा तीन असतात, आत पाणी असतं. आपण कललो की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं.

लेव्हलची बाटली! मिस्त्रीला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. पाणी काचेत बंद असेल तोवर बुडबुडा खरं बोलतो.

डॉक्टरीणबाईंनी माऊस फिरवला. म्हणाल्या, आडवे काप बघितले तर शंका येते, खात्री होत नाही. म्हणून मी आता नळीच्याच अंगाने काप घेते. चित्र फिरलं आणि बांगडी पूर्ण दिसली. तिच्या माथ्यावर हाडाचं पांढरं छप्पर होतं, आणि एका जागी ते नव्हतं. नुसता काळा खंड. मिस्त्री स्वतः फरशीचा उंचसखलपणा बघताना जमिनीला गाल टेकून बघायचा, कारण वरून सगळंच सपाट दिसतं. बाईंनीही तेच केलं होतं.

इथे हाड नाही, त्यांनी सांगितलं. भोक दीड मिलिमीटरचं. बाहेरचा मोठा आवाज या भोकामुळे नळीत शिरून पाणी हलवतो, म्हणून जमीन कलते. आणि शरीराच्या आतले आवाज, चावण्याचे, चालण्याचे, डोळ्यांचे, ते मोठे होऊन कानाला लागतात. कानाच्या बाकीच्या तपासण्याही हेच सांगताहेत.

मिस्त्रीने जुनं पाकीट पुढे केलं. त्यांनी फिल्म उजेडावर धरून बघितली. “हे पाच मिलिमीटरचे काप आहेत,” त्या म्हणाल्या. “दीडचं भोक दोन कापांच्या मध्ये कुठेही हरवतं. आजचे काप अर्ध्या मिलिमीटरचे आहेत.”

मिस्त्री त्या जुन्या फिल्मकडे बघत राहिला. म्हणजे दर पाचवी फरशी ठोकली आणि सांगितलं की घर ठीक आहे! संताप आला त्याला, आणि त्या संतापाच्या पाठोपाठ रडू आलं. दीड वर्षात तो पूर्ण वाक्य बोलला नव्हता; आता बोलला, आणि ते डोक्यात घुमलं तरी थांबला नाही.

“म्हणजे डॉक्टरीणबाई, मला वेड लागलेलं नाही?”

“हाडाला भोक आहे,” त्या म्हणाल्या. “वेडाचा आणि त्याचा काही संबंध नाही. ऑपरेशन करून ते बुजवता येतं.”

रिपोर्टचं पाकीट घेऊन तो जिन्यापर्यंत आला तेव्हा टेक्निशियन मागून धावत आला. काका, ही राहिली, म्हणून त्याने पेन्सिल हातात दिली. मिस्त्रीने ती सवयीने कानामागे खोचली.

घरी तो गेलाच नाही. दवाखान्याच्या दारातूनच त्याने मुलीच्या गावची बस पकडली. चार तासांचा रस्ता. इंजिनाच्या घरघरीने बसची खिडकी दोनदा कलली, त्याने पुढच्या सीटची दांडी धरली, पण पाकीट सोडलं नाही. मनात एकच होतं. बायको एका कागदामुळे गेली होती. आता हा दुसरा कागद बघितला की तिला कळेल की कंटाळा नव्हता, भोक होतं. मग ती कशाला राहील तिथे? आजच निघेल. पिशवी भरायला तिला फार वेळ लागत नाही. बघा, माणूस किती पुढचे मनोरे बांधतो ते.

मुलगी आणि जावई कामावर होते. दार बायकोनेच उघडलं. बाळ आत झोपलं होतं म्हणून ती हळू आवाजात ‘या’ म्हणाली. केस बरेच पिकले होते तिचे. हात कोरडे होते.

मिस्त्रीने फिल्म काढली आणि खिडकीच्या काचेवर धरली. तिने चष्मा लावला. त्याने बोट ठेवून ते काळं भोक दाखवलं आणि बोलायला लागला. घुमत होतं, कवटी दणाणत होती, तरी सगळं बोलला. दाढीच्या आरशापासून घोट्यावरच्या दुबेळक्यापर्यंत. लग्नानंतर एकदम इतकं तो कधीच बोलला नसेल. शेवटी तिने विचारलं, “मी समोर बसले की डोळे का मिटायचात?”

“डोळे हलले की त्यांचाच आवाज यायचा. तुझं बोलणं ऐकू यावं म्हणून मिटायचो.”

हे ऐकून तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. मिस्त्रीला वाटलं, झालं. सुटलो. फिल्म उतरवून तो पाकिटात सरकवायला लागला.

मग ती बोलली. आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला.

“तुम्ही एकदा डबा विसरला होतात. त्या नव्या बंगल्यावर. मी घेऊन आले, तर तुम्ही माल आणायला गेला होतात. तिथे भिंतीवर प्लंबरला लिहिलं होतंत. पाइप दोन बोटं डावीकडे घे. घाई करू नकोस. आणि खाली, तुझ्या आईची तब्येत कशी आहे.” तिने चष्म्याची घडी घातली. “तेव्हा तुम्ही माझ्याशी एकवीस दिवस बोलला नव्हतात. मी मोजत होते. मी डबा तिथेच ठेवला आणि घरी आले.”

मिस्त्रीने तोंड उघडलं. तिने हात वर केला.

“बोलता येत नव्हतं, मान्य. आता फोटोच आहे. पण पेन्सिल तर तेव्हाही कानामागेच होती ना?”

त्याचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. होती. तिथेच होती. मामाचं सांगावं, भीतीचं सांगावं, असं त्याला खूप वाटलं, पण प्लंबरच्या आईची विचारपूस करताना ती भीती कुठे आड आली होती? बाथरूमवाल्या परक्या बाईला त्याने दोन ओळींत सगळं लिहून दिलं होतं. बायकोला मात्र तीन वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. घरच्या माणसाला कळतंच, असं धरून चालला होता. घरचीच फरशी तेवढी त्याने ठोकून बघितली नव्हती.

आत बाळ कुरकुरलं. ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, एवढं म्हणून ती आत वळली, आणि जाताना बाळाच्या खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं.

मिस्त्री बाहेरचं दार ओढून घेऊन पायरीवर बसला. पाकीट मांडीवर घेतलं, पेन्सिल काढली. प्लंबरला, वायरमनला, कुणालाही लिहिताना त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. इथे पहिला शब्द सुचेना. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. परतीची एक बस गेली, तिचा आवाज त्याच्या डोक्यातून गेला, पायरी कलली आणि पुन्हा जागेवर आली. दुसरी बस जायच्या सुमाराला त्याने पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, ‘तुझी तब्येत कशी आहे?’

पाकीट फिल्मसकट त्याने दाराच्या फटीतून आत सरकवलं. मग आत तिची पावलं वाजतात का ते ऐकायला तो दाराशी उभा राहिला, डोळे मिटून, श्वास रोखून.